पानांचा चहा आणि लोहाची गोळी

चहा बंद करा असे सांगणाऱ्या डॉक्टरचे आपल्याकडे कोणी ऐकत नाही, हे पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पुरते ओळखून आहे. रुग्ण मान हलवतो, चिठ्ठी खिशात घालतो आणि दवाखान्याच्या समोरच्या टपरीवर जाऊन ‘एक कट’ सांगतो. घाटावर असो की घाटाखाली, पाहुणा आला की चहा मांडला जातो, सोयरीक जुळली की चहा, मयतीहून आले की चहा, आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या पोटात सकाळी सातपर्यंत चहाखेरीज काही गेलेले नसते. तेव्हा आजच्या लेखात चहा सोडण्याविषयी काहीही लिहिणार नाही. चहा नीट ओळखावा कसा आणि घ्यावा केव्हा, एवढेच लिहिणार आहे. हा विषय सुचण्याचे कारण घरातलेच आहे.

माझा एक पुतण्या सैन्यात आहे. मागे सिलिगुडीकडून सुटीवर येताना त्याने दार्जिलिंगच्या चहाचा एक पुडा आणला आणि आईच्या हाती ठेवला. आई म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी. वय अठ्ठावन्न, राहणे शेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, दिवसाला सहा कप चहा, आणि हिमोग्लोबिन ८.६. वहिनींनी पुडा फोडला, आत काळपट-हिरवट, पिळलेल्या काड्यांसारखे काहीतरी निघाले. त्यांनी ते नेहमीप्रमाणे पातेल्यात दूध, साखर, अद्रक यांच्याबरोबर टाकून चांगली तीन उकळ्या येईपर्यंत उकळले. जे तयार झाले ते फिकट आणि कडवट होते. ‘भाऊजी, पोरानं एवढ्या दुरून आणलं, पन हे तं गढूळ पाणी झालं हो,’ असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मलाही पानांच्या चहाचा काही अनुभव नव्हता. मग पुढच्या तीन-चार रविवारी आम्ही दोघांनी मिळून हा चहा शिकण्याचे ठरवले. त्यातून जे हाती आले, त्यात चवीचा भाग थोडा आणि तब्येतीचा भाग बराच आहे.

‘पत्ती’ म्हणतो ती पाने नव्हेत

आपण दुकानात जाऊन ‘पावशेर चायपत्ती’ मागतो, पण मिळते ती दाणेदार भुकटी. काळा चहा, हिरवा चहा, दार्जिलिंग, आसाम, निलगिरी हे सगळे एकाच जातीच्या झाडाचे. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. फरक पडतो तो जागेने, हंगामाने आणि तोडल्यानंतर पानांचे काय केले यावरून. पाने तोडून, सुकवून, अलगद पिळून, हवेत काळी पडू दिली आणि मग वाळवली की होतो पारंपरिक काळा चहा. त्यात पान बरेचसे अखंड राहते. पाने तोडल्याबरोबर वाफेने किंवा तव्यावर तापवून त्यांचे काळे पडणे थांबवले की होतो हिरवा चहा. गवती चहाचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. ते एक सुगंधी गवत आहे, त्यात कॅफीन नसते.

मग आपली दाणेदार पत्ती आली कुठून? १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडणारी, फाडणारी आणि त्यांच्या गोळ्या वळणारी यंत्रपद्धत निघाली. तिला सी.टी.सी. म्हणतात. दातेरी रुळांमधून पान गेले की त्याचे बारीक दाणे होतात. दाणा बारीक असल्याने त्याचा रंग आणि तुरटपणा पाण्यात झटकन उतरतो, दूध-साखर घातली तरी तो दबत नाही, आणि थोड्या पत्तीत जास्त कप होतात. गरिबाच्या घरी परवडेल असा हा चहा होता आणि म्हणूनच तो देशभर गेला. आज भारतात होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा असतो.

एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात चहा नव्हता. आसामात रानात चहाची झाडे आहेत हे इंग्रजांना कळले ते १८२३ साली, आणि तिथला चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा गेला तो १८३९ च्या जानेवारीत. बरीच वर्षे तो बाहेरच पाठवला जाई. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. पुढे रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांत, खाणींत लोकांना चहा पाजून त्याची सवय लावण्यात आली. म्हणजे ज्याला आपण परंपरा समजतो, ती फार तर शंभर वर्षांची आहे. सवय शंभर वर्षांची असेल तर तीत थोडा बदल करायला हरकत नसावी, असे मी वहिनींना म्हटले. त्यांनी उत्तर दिले नाही.

इथे बाजारातल्या एका शब्दाविषयी सावध करतो. ‘सुटा चहा’ आणि ‘पानांचा चहा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवडी बाजारात पोत्यातून तोलून मिळते ती सुटी पत्ती बहुधा दाणेदार चहा किंवा त्याची चाळणीखालची धूळ असते. ती स्वस्त असते, आणि रंग लावून विकण्याचा धंदाही तिच्यातच जास्त चालतो. वापरलेला चोथा वाळवून, रंगवून पुन्हा विकला जातो. अशी शंका असेल तर घरच्या घरी पाहता येते. टिपकागदावर किंवा गाळण्याच्या पांढऱ्या कागदावर थोडी पत्ती पसरावी, वर पाण्याचे काही थेंब शिंपडावेत, नंतर पत्ती काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून बघावा. रंग लावलेला असेल तर कागदावर काळपट तपकिरी डाग लगेच उमटतात. चांगला चहा थंड पाण्यात असा झटकन रंग सोडत नाही. लोखंडाचा चुरा मिसळला असेल तर पत्तीवरून लोहचुंबक फिरवल्यास तो चिकटतो. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच या चाचण्या लोकांसाठी सांगितलेल्या आहेत. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटे लागतात.

उकळायचा नाही, मुरवायचा

पानांच्या चहाची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. जुन्या मराठी घरांतून पाणी उकळले की पातेले उतरवून त्यात चहा टाकत, वर झाकण ठेवून तो ‘मुरू’ देत आणि मग गाळून वरून गरम दूध घालत. काही घरांत किटलीवर शिवलेली कापडी टोपी असे. दूध-साखर-पत्ती एकत्र रटरट उकळण्याची रीत टपरीवरून घरात आली, असे मला वाटते. पानांच्या चहाला ती जुनीच रीत लागते.

आम्ही केले ते असे. वेगळे भांडे घेतले नाही. स्टीलचा तांब्या, वर ताटली आणि नेहमीचे गाळणे. एका कपाला, म्हणजे दीडशे मिलिलिटर पाण्याला, दोन ग्रॅमच्या आसपास चहा लागतो. दाणेदार पत्तीचा चमचा जड भरतो. अखंड पाने फुगीर असल्याने चहाचा चमचा शिगोशीग घेतला तरच तेवढे वजन होते. हे आम्हाला दुसऱ्या रविवारी कळले. पहिल्या रविवारी सपाट चमचा घेतल्याने पाणचट चहा झाला होता. पाणी खळखळून उकळावे, गॅस बंद करावा, दार्जिलिंगसारख्या नाजूक चहासाठी मिनिटभर थांबावे, मग पाने टाकून ताटली झाकावी. तीन मिनिटांनी गाळून घ्यावा. आसामच्या पानांना चार-पाच मिनिटे चालतात, आणि त्यांत थोडे दूधही शोभते. हिरव्या चहाला उकळते पाणी मुळीच घालू नये, तो कडू होतो. पाणी उकळल्यावर पाच-सात मिनिटे निवू द्यावे आणि पाने दोनच मिनिटे ठेवावीत.

वेळ घड्याळ लावून पाळावी. कॅफीन बरेचसे पहिल्या काही मिनिटांतच उतरते. त्यानंतर पाण्यात वाढत जातो तो मुख्यतः तुरटपणा. आपला उकळलेला चहा तोंडाला कोरड आणतो तो त्याच्यामुळे, आणि तो झाकायला मग साखर वाढवावी लागते. चहाच्या लिलावात चव पाहणारे तज्ज्ञ मुद्दाम कडक चहा करतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असा हिशेब आहे. पण त्यांना चहातले दोष शोधायचे असतात, आपल्याला तो प्यायचा असतो.

दुसऱ्या रविवारी गाळण्यातला चोथा वहिनींनी ताटलीत पसरला. पाने उलगडली होती. देठ, दोन कोवळी पाने, मध्ये कळी. ‘हे तं मेथीच्या शेंड्यावानी दिसते,’ म्हणाल्या. चाळीस वर्षे चहा केला, पण चहाचे पान त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मीही. चवीच्या बाबतीत मात्र त्यांचे मत लवकर बदलले नाही. बिनसाखरेचा पहिला घोट घेऊन त्यांनी ‘काढा’ असा निकाल दिला. दुसऱ्या खेपेला अर्धा चमचा साखर घातली, तिसऱ्या खेपेला पाव. चौथ्या रविवारी साखरेचा डबा उघडला नाही आणि त्याविषयी कोणी बोललेही नाही.

पाण्याची गोष्ट

आमच्या शिकण्यात मजेचा भाग पाण्याचा होता. तोच पुडा, तोच चमचा, तेच घड्याळ, पण बुलढाण्याला माझ्या घरी चहा सोनेरी आणि स्वच्छ होई, आणि वहिनींच्या गावी काळपट, बेचव, वर तेलकट साय आल्यासारखा. बुलढाणा शहराला येळगाव धरणाचे पाणी येते. वहिनींचे गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातल्या वाचकांना या पाण्याविषयी मी काय सांगणार, त्यांच्या पिढ्या ते पीत आल्या आहेत. पाण्यातला चुना आणि चहातली तुरट द्रव्ये मिळून वर ती साय धरते. पाणी अल्कधर्मी असले की चहाचा रंग गडद होतो. उलट लिंबाचा थेंब टाकला की तोच चहा डोळ्यांदेखत फिका पडतो. करून पाहा, मुलांना फार आवडते. दूध-साखरेच्या चहात हे काही कळत नाही, पण पानांचा चहा पाण्याची चहाडी करतो. गावातल्या आर.ओ.च्या जारचे पाणी वापरल्यावर वहिनींचाही चहा सुधारला.

यावरून कोणी असे समजू नये की उकळल्याने खारे पाणी चांगले होते. उकळल्याने जंतू मरतात. क्षार जात नाहीत, पाणी आटल्याने ते उलट थोडे दाटच होतात. मूत्रपिंडाचा विकार ज्यांना आहे त्यांनी दिवसाचे पाणी आणि चहा किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी, असे मी सांगत असतो.

आता मुद्द्याची गोष्ट

वहिनींचे हिमोग्लोबिन ८.६ होते हे वर आलेच आहे. त्या वयात, पाळी थांबल्यानंतर, हिमोग्लोबिन कमी असेल तर पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना हे आधी पाहावे लागते. ती तपासणी झाली होती, बी-१२ पाहिले होते, कमतरता लोहाचीच होती. गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. वहिनी गोळी चुकवत नसत, रिकामी पाकिटे दाखवत. तरी आकडा हलत नव्हता. चहाच्या रविवारी त्यांच्या घरी बसलो असताना कारण समोर आले. दुपारी जेवण झाले, त्यांनी गोळी घेतली आणि लगेच कपभर चहा प्यायल्या. ‘गोळीनं तोंड लोखंडावानी होते, चहानं ते जाते,’ असे त्यांचे म्हणणे. तीन महिने रोज हाच क्रम.

चहात पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये असतात. बोलण्यात आपण त्यांना टॅनिन म्हणतो. ती आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि त्याचा न विरघळणारा पदार्थ होतो, जो रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातले लोह शोषले जाण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. हा परिणाम भाजी, डाळ, भाकरी यांतल्या लोहावर जास्त होतो. मांसातल्या लोहावर तो कमी. आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरांत लोह येते ते ज्वारी-बाजरी, हरभरा, मेथी, तूर यांतूनच. म्हणजे चहाचा फटका नेमका आपल्याच ताटाला बसतो.

हे किती गंभीर आहे ते आकड्यांवरून कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के होता. याचे खापर एकट्या चहावर फोडता येणार नाही. अपुरे अन्न, लागोपाठची बाळंतपणे, पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत ही कारणे मोठी आहेत. पण सरकार गर्भवतीला लाल गोळी देते, शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, आशाताई दारोदार फिरून ती पोचवतात, आणि शेवटी ती गोळी चहाच्या घोटाबरोबर पोटात जाऊन वाया जाते, हे मला फार लागते. ही चूक दुरुस्त करायला रुपयाही लागत नाही.

वहिनींनी केलेला बदल एवढाच. गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. लिंबू आणि आवळा यांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. चहा त्यानंतर निदान तासाभराने, म्हणजे त्यांच्या बाबतीत साडेचारला. कॅल्शियमची गोळी असेल तर ती रात्री, कारण कॅल्शियमही लोहाच्या आड येते. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचेही तसेच. ज्यांना लोहाच्या गोळीने मळमळते त्यांनी ती बंद न करता डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलता येते. तीन महिन्यांनी वहिनींचे हिमोग्लोबिन ११ झाले. घरच्यांनी त्याचे श्रेय दार्जिलिंगच्या चहाला दिले आणि पुतण्याला तसे कळवलेही. ते खरे नाही. पानांच्या चहातही तीच पॉलिफेनॉल द्रव्ये आहेत. तो जेवणाबरोबर घेतला तर तोही तेच नुकसान करतो. फायदा झाला तो वेळ बदलल्याचा. पानांच्या चहाने एवढेच केले, की चहा हे घड्याळ बघून, बसून, सावकाश करण्याचे काम झाले, आणि जेवणानंतरचा तो बेसावध कप आपोआप गळाला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही जेवणाआधी निदान एक तास आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी असेच सांगितले आहे. दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे असेही त्यांत आहे. त्यांच्या हिशेबाने चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन येते. म्हणजे कडक चहाचे पाच कप झाले की मर्यादा ओलांडली.

लहान मुलांविषयी मात्र कडक शब्दांत लिहितो. सकाळी मुलाला चहात बुडवून पोळी किंवा टोस्ट देऊन शाळेत पाठवणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. पोळीतले लोह चहा अडवतो, साखरेने भूक मरते, आणि दूध घेतल्याचे समाधान तेवढे आईला मिळते. मुलाला चहा नको. आदल्या रात्रीची भाकरी दह्याबरोबर दिली तरी ती चहा-पोळीपेक्षा शतपटीने बरी. वेचणीला जाणाऱ्या बायांनीही रिकाम्या पोटी दोन कप चहा पिऊन भूक मारण्यापेक्षा भाकरीचा तुकडा आधी खावा, चहा मधल्या सुटीत घ्यावा. सांगायला सोपे आहे हे मला कळते. सकाळी सहाला टेम्पो दारात उभा असतो.

साखर, मधुमेह आणि इतर काही

वहिनींना मधुमेह नाही, पण जेवणानंतरची साखर काठावर होती. त्यांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे. एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला साठ ग्रॅम आणि महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम साखर, तीही एका माणसाच्या एकट्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली असावे आणि ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक चांगले. हे ५ टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही, मधुमेहाला गूळही साखरच.

पानांच्या चहाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. दाणेदार चहा बिनसाखरेचा, बिनदुधाचा बहुतेकांना घशाखाली उतरत नाही. त्याची घडणच दूध-साखरेसाठी आहे. हलका मुरवलेला पानांचा चहा मात्र तसाच पिता येतो. मधुमेही माणसाने दिवसातले दोन कप जरी असे केले, तर तेवढी साखर गेली आणि चहाही सुटला नाही. वहिनींचा तह असा झाला, की सकाळचा एक कप नेहमीसारखा, दूध-अद्रक घातलेला आणि एक चमचा साखरेचा. त्यात कोणी बोलायचे नाही. साडेचारचा पानांचा, बिनसाखरेचा. पाहुण्याबरोबर अर्धा कप. बाकीचे बंद.

पानांचा चहा महाग पडतो ही तक्रार खरी आहे. शंभर ग्रॅमच्या पुड्यात पन्नासेक कप होतात. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालून थोडा जास्त वेळ ठेवले तर दुसरा कपही बरा निघतो. रोजच्यासाठी दार्जिलिंगच हवा असे नाही, आसाम आणि निलगिरीचा पानांचा चहा स्वस्त पडतो. पुड्यावरची मोठमोठी इंग्रजी अक्षरे आणि ‘ऑरेंज पेको’ वगैरे नावे पाहून दबून जाऊ नये. ती पानांच्या आकाराची आणि प्रतीची खूण आहे, संत्र्याचा त्यात अंशही नसतो. पॅकिंगची तारीख तेवढी बघावी.

हिरव्या चहाने वजन उतरते का, हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतो. उतरलेच तर इतके थोडे की काट्यावर दिसणार नाही. त्याच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, जास्त मात्रेत त्या यकृताला बाधतात. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात, तेव्हा झोप येत नाही म्हणणाऱ्यांनी सायंकाळनंतरचा चहा आधी बंद करून पाहावा, गोळी नंतर मागावी. गर्भवतींना मी दिवसाला दोन कपांची मर्यादा सांगतो.

फार कढत पिणेही बरे नव्हे. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. या बाबतीत बशीत ओतून फुंकर घालून पिणारी आपली म्हातारी मंडळी शहाणी होती. पन्नीत बांधून आणलेला कढत चहा तर मी स्वतः कधी घेत नाही. कागदी कपाच्या आतही प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.च्या संशोधकांना २०२० साली, अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण आढळले होते. घरात कपबशी आहे, ती वापरावी.

पुडा उघडला की चहा घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. काचेच्या बरणीत उजेड लागतो आणि मसाल्याच्या डब्याशेजारी हिंगाचा वास लागतो, दोन्ही टाळावे. फ्रीजमध्ये ठेवू नये, ओल धरते. गाळून उरलेली पाने दूध-साखर लागलेली नसल्याने त्यांना मुंग्या येत नाहीत. वहिनी ती अंगणातल्या गुलाबाच्या बुडाशी टाकतात.